महिनाअखेरचा शुक्रवार

मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या आणि ते काही खोटं नव्हतं. पण गेल्या वर्षी जी तगमग माझ्या अंगात शिरली, ती या भिंगरीच्याही वरची होती. भाजी परतता परतता मी फोन उघडायचे, आकडा बघायचे, फोन बंद करायचे. झाकण ठेवायचे, परत उघडायचे. आकडा रोज बदलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी बघायचे, आणि भाजी खाली लागायची.

आकडा म्हणजे माझा क्रेडिट स्कोर. मी घेतलेलं कर्ज किती नेमाने फेडते, यावरून मला कधी न पाहिलेल्या कुणीतरी ठरवलेली माझी पत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू पास-नापास करून पगार घेतलेल्या बाईला असं कुणी नापास केलं, तर तिचं काय होईल याची कल्पना करा.

मी बडोद्यात, गोरव्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही, हे बघायचं माझं काम. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून कारखान्यात मापं काढते. घरातही काढते, पण तिथे पगार मिळतो." तर, मोजायची साधनंही वापरून वापरून झिजतात. ती दरवर्षी कुणाकडून तरी तपासून, दाखला घेऊन आणावी लागतात. आमच्या आसपासचे छोटे कारखानदार त्यासाठी दूरदूर पाठवतात आणि आठवडाभर हात चोळत बसतात. मला ते काम गोरव्यातच सुरू करायचं होतं, स्वतःच्या नावावर. त्यासाठी एक खोली हवी होती आणि थोडी महागडी उपकरणं.

खोली मिळाली होती. एका म्हाताऱ्या गुजराती काकांनी आपला कारखाना बंद केला होता, त्याची पुढची खोली. रस्त्यापासून आत, त्यामुळे ट्रक गेला तरी टेबल हलत नाही. उत्तरेची खिडकी, त्यामुळे ऊन नाही. मला ती बघताक्षणी आवडली. मला सहसा काही बघताक्षणी आवडत नाही, नवरासुद्धा तिसऱ्या भेटीत आवडला होता. काका म्हणाले, "बेन, हुं तो राह जोउं, पण मारो दीकरो राह नथी जोतो." ते थांबायला तयार होते, पण मुलाला ती विकून मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, कर्ज मंजूर झालं की लगेच येते. माझ्या मनात शंकाच नव्हती.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. तिने माझी माहिती घातली, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टर रिपोर्ट बघून बघतात तसं.

"मॅडम, तमारो स्कोर तो ओछो छे."

मी हसलेच. म्हटलं, माझा स्कोर कमी? लग्नाआधी मी हप्त्यावर स्कूटर घेतली होती आणि तिचा एक हप्ता एक दिवस उशिरा गेला नव्हता. माझे वडील रेल्वेत होते. पगाराच्या दिवशी आधी देणी, मग घरात भाजी, असा त्यांचा खाक्या, आणि तोच मी उचललेला. मुलगी शांतपणे म्हणाली की स्कूटरचं सगळं उत्तम आहे. गडबड आहे ती लग्नानंतरची. मला वाटलं लग्न केलं म्हणूनच काही मार्क कापतात की काय. तसं मी विचारलंही. आता तिची हसायची पाळी होती.

"लग्नथी स्कोरमां कंई फरक नथी पडतो, मॅडम. साथे लोन लो, तो पडे."

लग्नाने काही होत नाही, दोघांनी मिळून कर्ज घेतलं की होतं. समा भागातला आमचा फ्लॅट आम्ही दोघांच्या नावावर घेतला होता. बायकोचं नाव घाला, बायकोचा पगार दाखवा, जास्त कर्ज मिळेल, असं दलालापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी पेढा खात खात दाखवतील तिथे सह्या केल्या होत्या. त्या कर्जाचा हप्ता अधूनमधून उशिरा गेलेला होता. बहुतेक वेळा एखादा दिवस, पण पुन्हा पुन्हा. आणि दोन वर्षांपूर्वी एकदा तर चांगला महिनाभर. हप्ता नवरा भरत असला, तरी डाग दोघांच्या नावावर सारखाच पडतो, असं ती म्हणाली. लग्नाच्या वेळी आमच्या पत्रिका एका नव्हे, दोन गुरुजींनी बघितल्या होत्या. हे मात्र कुणीच बघितलं नव्हतं.

मी बाहेर आले आणि स्कूटरला किल्ली लावून तशीच उभी राहिले. डोक्यात घण वाजत होता. दर महिन्याला माझा अर्धा वाटा मी नवऱ्याच्या खात्यात आठवडाभर आधी टाकत होते. त्याचा पगार वेळेवर होत होता. म्हणजे पैसे होते. मग ते जात कुठे होते?

नवऱ्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. तो रिफायनरीत आहे, तिथल्या यंत्रांवरचे काटे नीट दाखवतात की नाही हे बघतो. आम्हा दोघांची कामं ऐकून लोक म्हणतात, तुमच्या घरात चूक व्हायची सोयच नाही. तो सकाळी येऊन झोपायचा तेव्हा मी निघालेली असायचे, मी यायचे तेव्हा तो डबा घेऊन निघालेला असायचा. दारात त्याला अडवून विचारता आलं असतं. पण मला दारातलं उत्तर नको होतं. मला समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारायचं होतं. तोवर मी मनात काय काय रचलं, ते आता सांगायची लाज वाटत नाही. कुणीही रचलं असतं. शेअर बाजार रचला. मित्राला दिलेलं हातउसनं रचलं. एक बाईसुद्धा रचली, तिला गुलाबी पंजाबी ड्रेस घातला, आणि मग माझ्या नवऱ्याला रंग ओळखता येत नाहीत हे आठवून तिला काढून टाकलं. कारखान्यात मी एक अख्खी पेटी नापास केली. सुपरवायझरने परत मोजली तर पाच-सहा भाग बरोबर निघाले. असं माझ्या हातून कधी होत नाही.

रविवारी संध्याकाळी तो गॅलरीत हिंचक्यावर बसला होता. मी चहा त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले.

"घराचा हप्ता उशिरा का जातो?"

त्याने चहा खाली ठेवला. हिंचका पायाने थांबवला. "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. का जातो?"

"शांतीने बस ना जरा."

"मी बसणार नाही."

तो खाली बघत म्हणाला, "शुक्रवार येतो गं मध्ये."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने एकेक करून सांगितलं. घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की शुक्रवारी तेवढी लक्ष्मी घराबाहेर काढू नकोस रे, बाकी काय हवं ते कर. आमच्या हप्त्याची तारीख महिन्याची शेवटची. ती शुक्रवारी आली की हा शनिवारी भरायचा. बँकेने खात्यातून आपोआप कापून घेऊ नये, म्हणून याने तशी परवानगीच दिली नव्हती. मशीन काय, शुक्रवार बघतं का, असं सासूबाईंचं म्हणणं. कर्ज जुन्या गावातल्या लहानशा सहकारी बँकेचं, आजेसासऱ्यांपासून घराचं खातं तिथे. तिथले मॅनेजरही मराठी, घरी हळदीकुंकू असणारे. ते म्हणाले, "शनिवारी आणा, एका दिवसाने काय फेर पडतो?" आणि खरंच काही फेर पडत नव्हता. मग ते मॅनेजर निवृत्त झाले आणि बँकेचा सगळा हिशेब वरच्या संगणकाला जोडला गेला. महिना संपताना कोण मागे राहिलं, हे तो वर कळवून टाकतो. त्याच्या घरी हळदीकुंकू नसतं.

"तू इंजिनियर आहेस," मी म्हटलं.

"हो."

"तुझा विश्वास आहे या सगळ्यावर?"

"नाही."

"मग?"

"आईला शब्द दिला होता."

"आणि तो एक अख्खा महिना? दोन वर्षांपूर्वीचा?"

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तो काही बोलायच्या आधीच मला आठवलं. त्या महिन्यात सासूबाई गेल्या. आधी दवाखाना, मग अस्थी घेऊन चांदोदला नर्मदेवर जाणं, मग दिवस, मग घरात भरलेली माणसं. त्या महिन्यात आमच्या घरात तारीख कुणाला माहीत होती? मला नव्हती. कॅलेंडरचं पानसुद्धा नंतरच्या महिन्यात कधीतरी उलटलं गेलं.

मी हिंचक्यावर बसले. राग तर तसाच होता, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्यांची मोठीच सोय असते. सासूबाई असत्या तर मी तावातावाने बोलले असते, त्याही बोलल्या असत्या, आणि मग त्यांनी शुक्रवारचे गूळ-फुटाणे माझ्या हातावर ठेवून विषय संपवला असता. त्यांचं सासर-माहेर दोन्हीकडचं घराणं संस्थानाच्या काळापासून इथलं, पूर्वज फौजेत होते. रेल्वेतल्या, अगदी अलीकडे बडोद्याला आलेल्या माणसाची मुलगी करून आणली म्हणून नातेवाईक कुजबुजले होते. त्यांना या बाईने एका वाक्यात गप्प केलं होतं. मला त्या आवडायच्या. म्हणूनच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी परत बँकेत गेले आणि त्या मुलीला विचारलं, घराच्या कर्जातून माझं नाव काढता येईल का? ती म्हणाली, कर्ज संपल्याशिवाय किंवा नवऱ्याने ते एकट्याच्या नावावर नव्याने घेतल्याशिवाय नाही. वर थट्टेने म्हणाली, "तमे छूटा पडो ने, तोय लोन छूटुं ना पडे." वेगळे झालात तरी कर्ज वेगळं होत नाही. घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे वडाला फेऱ्या मारायची गरजच नाही." मला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला.

उपाय एकच होता. हप्ता आपोआप कापला जाऊ द्यायचा, दर महिन्याला, न चुकता, आणि वाट बघायची. मुलगी म्हणाली, सहा-आठ महिन्यांत आकडा चढेल. वाट बघणं हे एकच काम मला येत नाही. नवऱ्याने त्याच आठवड्यात जुन्या गावात जाऊन परवानगीवर सही केली. परत आला आणि जेवताना त्याने दुसरी पोळी घेतली नाही.

पुढचे महिने मी कसे काढले विचारू नका. दर शनिवारी कामावरून येताना गाडी काकांच्या बंद कारखान्यावरून घ्यायचे. खोलीला कुलूप आहे ना, दारावर दुसऱ्या कुणाची पाटी तर लागली नाही ना. एकदा खिडकीची काच फुटलेली दिसली तर मलाच काही लागल्यासारखं झालं आणि मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "बेन, अजून तुमची नाही झाली, त्याआधीच एवढी काळजी?" हे ते मराठीत म्हणाले, मोडक्यातोडक्या. रात्री झोपताना मी फोन उशीखाली ठेवायचे आणि सकाळी चहाआधी आकडा बघायचे. तो कधी चार पावलं चढायचा, कधी उगाच एक उतरायचा.

मग महिनाअखेरचा शुक्रवार आला. मी कॅलेंडरवर आधीच बघून ठेवला होता आणि नवऱ्यानेही. पण दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. सकाळी त्याच्या फोनवर हप्ता गेल्याचा मेसेज आला. तो उठला, देवघराकडे गेला. मी मागून बघितलं तर देवीच्या टाकाखाली लाल फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती.

"हे काय?"

"काल बाजूला काढून ठेवले. हप्त्याएवढेच आहेत."

"कशाला?"

"म्हणजे बाहेर गेली तेवढी घरात पण राहिली," असं म्हणून तो दाढी करायला गेला. मी पोट धरून हसले. मग देवघरापाशी एकटीच उभी असताना मला हसू येईना. त्याने आपल्या आईला दिलेला शब्द माझ्यासाठी मोडला होता आणि तो मोडतानासुद्धा तिला फार लागू नये म्हणून फडकं बांधलं होतं. ती पुरचुंडी मी तशीच राहू दिली.

गुलाबी थंडी सुरू झाली तसा आकडा हव्या त्या रेषेच्या वर गेला. बँकेतल्या मुलीने स्वतः फोन केला, कर्ज मंजूर होतंय, आठ-दहा दिवसांत हातात येईल. मी फोनवर तिला काय काय आशीर्वाद दिले ते मला आठवत नाही. आणि दोनच दिवसांनी, संध्याकाळी, काकांचा फोन आला. मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता, कुकर चढवला होता.

"बेन, वाघोडियावाळी पार्टी सामे बेठी छे. रोकडा लईने. मारो दीकरो माने एम नथी. तमे हमणां टोकन मोकलो, तो हुं ना पाडी दउं."

म्हणजे वाघोडियाचं गिऱ्हाईक रोख घेऊन समोर बसलं होतं. मुलगा ऐकत नव्हता. मी आत्ता विसार पाठवला तरच काका त्याला नाही म्हणू शकत होते. मी म्हटलं, पाठवते, आत्ता पाठवते. विसारापुरते पैसे माझ्या खात्यात होते. फोन ठेवला, काकांचा नंबर काढला, रक्कम घातली.

आणि माझा अंगठा थांबला. शुक्रवार होता. दिवेलागणीची वेळ होती. समोर दिवा जळत होता, त्याच्यामागे सासूबाईंचा फोटो. ज्या गोष्टीवरून मी इतके महिने नवऱ्याला फाडून खाल्लं होतं, तीच माझ्या छातीत येऊन बसली. मला भीती वाटली. स्वच्छ सांगते, भीतीच वाटली. हे माझं स्वतःचं, पहिलं असं काही, आणि ते अशा वेळी सुरू करायचं? उद्या उपकरण बिघडलं, काम आलं नाही, तर मी स्वतःलाच म्हणेन की तू त्या दिवशी ऐकलं नाहीस. मी देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत गेले, परत आले. परत गेले. पडद्यावरची रक्कम विझली. मी परत घातली.

नवरा हिंचक्यावर होता. त्याने फोनवरचं सगळं ऐकलं असणार. तो उठून आत आला आणि त्याने स्वतःचा फोन काढला.

"नंबर सांग."

"आज शुक्रवार आहे," मी म्हटलं.

"मला सांगतेस?"

"दिवा लागलाय."

"दिसतोय. नंबर सांग."

मी सांगितला. त्याने चष्मा वर करून एकेक आकडा घातला, पुन्हा तपासला, माझ्याकडून वाचून घेतला, आणि पैसे पाठवले. मिनिटाभरात काकांचा निरोप आला, मिळाले म्हणून, आणि खाली हात जोडलेलं चित्र.

"आईंना काय सांगशील?" मी विचारलं.

"घराबाहेर कुठे गेली?" तो म्हणाला. "तुझ्या खोलीतच गेली ना."

मग तो फोटोसमोर जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत होता. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मी जागची हलले नाही, त्याचं बोलणं होईपर्यंत तिथेच पाटावर बसून राहिले.